मुंगसाचं बीळ कुणी काढलं?

हॅम्बर्गमधल्या आमच्या वकिलीच्या ऑफिसात मराठी माणूस पहिल्यांदा आला, की त्याचा प्रश्न ठरलेला असायचा. "ताई, पुस्तक रजिस्टर कुठे करायचं?" माझं उत्तरही ठरलेलं. "कुठेच नाही. इथे तसं ऑफिसच नाही." मग तो माणूस माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा, की या बाईला काही माहीत दिसत नाही, आत कुणी मोठं असेल तर त्यांनाच विचारावं. त्याचंही चुकत नव्हतं. ज्या देशात घर बदललं की नोंद, कुत्रा पाळला की नोंद, तिथे पुस्तकाचीच तेवढी नोंद नाही, हे पचायला जडच जातं.

मी वकील नाही. नवऱ्याच्या नोकरीमागून इकडे आले, वकिलाच्या ऑफिसात काम करायला लागतं ते शिक्षण इथेच घेतलं आणि फ्राउ हान्सेन नावाच्या वकीलबाईंच्या हाताखाली निवृत्त होईपर्यंत राहिले. बाई लेखक-चित्रकारांच्या हक्कांची कामं करायच्या. मी फायली, पत्रं, तारखा सांभाळायचे आणि आपल्याकडचं कुणी आलं की दुभाषी व्हायचे. आयटीतली मंडळी इंग्रजी फाडफाड बोलतात, जर्मनही बरं बोलतात. पण मनातलं सांगायची वेळ आली की मराठीवर येतात. ते सगळं माझ्या टेबलाशी यायचं.

धंद्यातली गोष्ट सोप्या शब्दांत सांगते. यंत्राचं पेटंट घ्यावं लागतं, मालाच्या नावाची नोंदणी करावी लागते. लिहिलेल्या आणि काढलेल्या गोष्टीला इथे त्यातलं काही लागत नाही. तुम्ही चित्र काढलंत, की ते तुमचं झालं. भारतात नोंदणीचं ऑफिस आहे, सर्टिफिकेट मिळतं, पण तिथेही ते ऐच्छिकच. हक्क काही त्या कागदातून जन्माला येत नाही. मी सगळ्यांना एकच उदाहरण द्यायचे. "पोर झालं की बाई आई होते. जन्माचा दाखला मागाहून येतो. तो नाही आला म्हणून ती आई नाही का?" हे लोकांना पटायचं. मान डोलवायचे, आणि जाताना दारातून हळूच विचारायचे, "पण एखादा शिक्का तरी?"

एका गृहस्थांनी नातवासाठी गोष्टी लिहून त्यांना चित्रं काढली होती आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून ते बाड स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवलं होतं. सीलबंद पाकीट, त्यावर पोस्टाची तारीख, म्हणजे पुरावा. पुढे खरोखरच प्रकाशक मिळाला, त्यानं चित्रं मागितली, आणि यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती. पाकीट फोडलं तर पुरावा जातो, नाही फोडलं तर पुस्तक जातं. बिचारे ते पाकीट छातीशी धरून आमच्याकडे बसले होते. फ्राउ हान्सेननी त्यांना कॉफी दिली आणि मी कात्री दिली.

बर्लिनहून एक जोडपं आलं होतं. त्यांना सायकलवर बसलेला गणपती स्वतःच्या नावावर करून हवा होता. तुमच्या रेषेवर तुमचा हक्क, बाप्पावर नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. नवरा प्रत्येक वेळी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाला आणि शेवटी म्हणाला, "आल्झो, म्हणजे बघा, पण दुसऱ्या कुणी सायकलवर बसवला तर?"

असल्या गोष्टी सांगून मी चार घरच्या जेवणावळींत बराच हशा मिळवला आहे. केतकीची गोष्ट मात्र कुठे सांगितली नव्हती. आता तिला विचारून, नावं बदलून लिहिते आहे. "लिहा ताई," ती म्हणाली, "कुठेतरी असू दे."

केतकी चित्रकार. लग्नाआधी पुण्यात शाळेच्या पुस्तकांची चित्रं काढायची. तिचा नवरा मंदार हॅम्बर्गला विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. त्यांची एकुलती मुलगी रेवा. शाळेत जायच्या वयाची होता होता तिला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि घराचा मुक्काम हॉस्पिटलात हलला. रेवाचे आजोबा, म्हणजे मंदारचे वडील, सांगलीला असतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते रोज व्हिडिओ कॉलवर घरामागच्या मुंगसाची गोष्ट सांगायचे. आज मुंगूस इकडे गेलं, आज तिकडे गेलं. त्यातून केतकीनं एक चित्रांचं पुस्तक करायला घेतलं. एक मुंगूस कंटेनरमध्ये अडकून हॅम्बर्गच्या बंदरात उतरतं आणि राहायला बीळ शोधत गावभर फिरतं. कुठे फरशी, कुठे डांबर, कुठे रूळ. उकरायला जमीनच नाही.

केतकी मराठीत बोलायची, रेवा जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि पलंगावरच्या सरकत्या टेबलावर दोघी मिळून चित्रं काढायच्या. पुस्तक पुरं झालं. रेवा राहिली नाही.

त्यानंतर वर्षभरानं केतकी आमच्याकडे आली. एकटीच, ओली छत्री हातात धरून. मंदार तोवर बदली घेऊन बॉनला गेला होता. भांडण नव्हतं. दोघांना त्या घरात एकमेकांसमोर बसवत नव्हतं, एवढंच.

"ताई, हे पुस्तक मला रेवाच्या नावानं रजिस्टर करायचंय," ती म्हणाली.

मी सवयीनं माझं ठरलेलं वाक्य म्हणाले, की इथे तसं ऑफिस नाही. त्याच्या पाठोपाठ माझं ते आवडतं उदाहरण जिभेवर आलं होतं. पोर झालं की बाई आई होते. मी ओठ घट्ट मिटले आणि पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"मग नाव कुठे लागतं?"

"पुस्तकावर. कव्हरवर लागतं ते खरं नाव."

"मग तिथे लावायचंय. रेवा आणि केतकी. आधी रेवा." मग ती म्हणाली, "कुठल्या तरी मुलाच्या घरी, कुणाच्या तरी मांडीवर हे पुस्तक उघडलं पाहिजे, ताई. माझ्या कपाटात ते तिच्यासारखंच पडून आहे."

प्रकाशक मिळालेला होता. इथलीच एक छोटी प्रकाशन संस्था, पुस्तक त्यांना मनापासून आवडलं होतं. अडलं होतं ते पहिल्या पानाच्या तळाशी असलेल्या एका ओळीवर. त्या ओळीत भारतातल्या कॉपीराइट नोंदणीचा नंबर होता. प्रकाशकानं चौकशी केली, तर नोंदणी फक्त रेवाच्या नावानं. लेखक रेवा, चित्रकार रेवा. मग ही केतकी कोण?

ते काम अण्णांचं. अण्णा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. नात गेल्यावर त्यांना घरात बसवेना. त्यांनी पुस्तकाची फाइल मागवून घेतली, स्वतः ऑनलाइन अर्ज भरला, लागेल तिथे मंदारची सही मागवली. मंदार त्या दिवसांत समोर येईल त्या कागदावर सही करत होता. सर्टिफिकेट आल्यावर अण्णांनी केतकीला फोनवर बजावलं, "सूनबाई, नंबर पहिल्या पानावर घाल. म्हणजे कुणी हात लावणार नाही." केतकीनं घातला. सासऱ्यांनी एवढं केलं, नाही कसं म्हणायचं?

अण्णांनी सुनेचं नाव डावललं नव्हतं. सातबारा असो की शाळेचा दाखला, सरकारदरबारी नाव चढलं की ते राहतं, अशा समजुतीत त्यांचा जन्म गेला. त्यांना एकच नाव टिकवायचं होतं, ते त्यांनी दोन्ही जागी लिहिलं. मी त्यांच्या जागी असते तर कदाचित मीही तेच केलं असतं.

फ्राउ हान्सेननी सगळं ऐकून घेतलं आणि कायदा सांगितला. मी तो मराठीत केला. हातानं काढणारा केवढा आहे हे कायदा बघत नाही. लहान मुलाचं चित्र त्या मुलाचंच. ते मूल गेलं, तर हक्क वारसांकडे जातो, आणि वारस दोघे, आई आणि वडील, बरोबरीनं. म्हणजे रेवाचा वाटा जिथे आहे, तिथे मंदारची संमती लागणार.

मंदारला मीच फोन केला. तो शांतपणे बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ताई, तुम्हाला ते पुस्तक वाटतं. मला प्रत्येक पान कुठल्या केमोच्या वेळचं आहे ते पाठ आहे. फेरीबोटीचं पान काढलं त्या दिवशी तिच्या तोंडात पाण्याचा घोट जात नव्हता. ते मी दुकानात मांडू?"

"केतकीचं मन त्यात आहे, मंदार."

"केतकीचं जे आहे ते तिनं छापावं. मी कोण अडवणारा? रेवाचं छापायचं नाही. एवढंच माझ्याकडे उरलंय, ते मी देणार नाही."

मी फोन ठेवला आणि कुणाचाच राग करता येईना म्हणून स्वतःवरच चिडले.

फ्राउ हान्सेन म्हणाल्या, कोर्टात जाता येईल. दोघांच्या हक्काच्या कामात एकानं विनाकारण अडवलं तर दाद मागता येते. केतकी म्हणाली, "रेवाच्या बाबाला रेवावरून कोर्टात उभं करू? नाही." मग बाईंनी दुसरा रस्ता सांगितला. प्रत्येक पान बघायचं. केतकीचं काय, रेवाचं काय, ते वेगळं काढायचं. रेवाचं जे निघेल ते काढून टाकायचं आणि तिथे केतकीनं नव्यानं काढायचं. मग पुस्तक निखळ केतकीचं.

हे आमच्या धंद्यातलं रोजचं काम. दोन भागीदारांचं फाटलं की असंच करतात. मी कितीदा केलं होतं. दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या घ्यायच्या आणि विचारत जायचं. पिवळी एकाची, निळी दुसऱ्याची. मला या कामाची हातोटी होती, बाई इतरांना तसं सांगायच्या.

केतकी मूळ चित्रं घेऊन आली. मोठ्या टेबलावर ती मांडली. फ्राउ हान्सेन विचारत होत्या, मी मराठीत करत होते, खरं तर केतकीला जर्मन कळत होतं, पण कुणी मला थांब म्हणालं नाही.

"हे कुणी काढलं?"

"मी."

पिवळी.

"हा पाऊस?"

"तिनं. पाऊस सगळा तिचा आहे. तिला उभ्या रेघा ओढायला आवडायच्या, त्यात हात दुखत नसे."

निळी.

एका पानावर मुंगूस रस्त्याच्या मध्ये बसलेलं होतं आणि खाली जर्मनमध्ये एकच वाक्य होतं. मराठीत सांगायचं तर, 'इथे सगळ्यावर झाकण आहे.' फ्राउ हान्सेननी ते दोनदा वाचलं. हे वाक्य कुणाचं, म्हणून विचारलं.

"तिचं. मी नुसतं लिहून घेतलं."

निळी. बाई चष्मा पुसायला लागल्या. त्यांनी नंतर मला सांगितलं, की पुस्तकातलं सर्वांत चांगलं वाक्य तेच होतं.

शेवटून दुसरं पान बिळाचं. गावाबाहेर बागेतल्या मातीत मुंगसाला अखेर बीळ सापडतं. माती, गवत, मुंगूस, सगळं केतकीच्या शाईतलं, देखणं. मध्ये काळ्या खडूनं गिरगटलेलं एक वेडंवाकडं भोक. इतकं दाबून गिरवलेलं, की कागद फाटून आरपार झाला होता.

"ती यातून बोट घालायची," केतकी म्हणाली. "पलीकडून मी पकडायचे. मुंगूस चावलं म्हणून ओरडायची. नर्स बघायला यायची." तिनं बोट पुढे केलं, पण भोकात घातलं नाही. टेबलाच्या कडेवर ठेवलं.

"हे कुणी काढलं?" हा प्रश्न बाईंनी विचारलाच नाही. मी निळी चिठ्ठी हातात धरून बसले होते. केतकीनंच माझ्या हातातून ती घेतली आणि चिकटवली.

ते संपल्यावर मी उठून बाहेर गेले. इतकी वर्षं जे काम करून पोट भरलं, त्याची मला त्या दिवशी शिसारी आली.

तरीही एक गोष्ट राहिली होती, ती म्हणजे अण्णांचं सर्टिफिकेट. ते रद्द करायचं तर भारतात कोर्टकचेरी. त्याऐवजी प्रकाशकाला अण्णांचं सहीचं निवेदन चालणार होतं. अर्जात दिलेली माहिती चुकीची होती आणि हे पुस्तक माझ्या नातीनं केलेलं नाही, एवढा मजकूर. अण्णा त्या उन्हाळ्यात सुनेकडे आले होते. मुलगा बॉनला, तरी उतरले हॅम्बर्गला. केतकी त्यांना घेऊन आली.

उन्हाळा असूनही त्यांनी कानटोपी घातली होती. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत सर्टिफिकेट, लॅमिनेट केलेलं. फ्राउ हान्सेननी ते उलटसुलट करून बघितलं आणि असं प्लॅस्टिकमध्ये बंद केल्यावर त्यावर काही शेरा मारता येत नाही, म्हणाल्या. अण्णांना ते भाषांतर करून सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणूनच केलंय. पाऊस लागू नये, शेरा लागू नये."

मी निवेदन मराठीत वाचून दाखवलं. ते वाक्य आलं तेव्हा आवाज सपाट ठेवला.

"काय म्हणालात? परत वाचा."

मी परत वाचलं. नातीनं केलेलं नाही.

"ताई, एकदा पोचवून आलोय मी तिला," अण्णा म्हणाले. "इथल्या स्मशानात, या हातानं फुलं टाकली. आता परत पोचवायला सांगताय?"

फ्राउ हान्सेननी माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं नाही, आणि त्यांनी मागितलं नाही.

"अण्णा, नका करू सही," केतकी म्हणाली. "राहू दे पुस्तक. खरंच राहू दे."

अण्णांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. "पेन द्या," ते मला म्हणाले. मग सुनेकडे वळले. "गेली ती गेली, बाळ. तू आहेस अजून. तुझं तरी काहीतरी होऊ दे."

त्यांनी सही केली. कचेरीतली सही, झोकदार, खाली दोन टिंबं. मग सर्टिफिकेटकडे बोट करून विचारलं, "हे जमा करायचं का?"

मी फ्राउ हान्सेनना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांना हवं तर नेऊ दे, त्या कागदाला आता काही अर्थ नाही.

"बाई म्हणतात, जपून ठेवा," मी अण्णांना सांगितलं.

दारापर्यंत गेल्यावर ते मागे वळले. "ताई, कागद पक्का आहे ना हा? नाव राहील ना?"

कागदातून हक्क जन्माला येत नाही, हे आयुष्यभर ज्याला त्याला ऐकवणारी मी बाई. "पक्का आहे, अण्णा," मी म्हणाले. "सरकारी आहे."

पुढे प्रकाशकाकडून करार आला. केतकीनं पाऊस नव्यानं काढला, ते वाक्य बदललं, बीळही पुन्हा रेखाटलं. कव्हरवर तिचं एकटीचं नाव. अर्पणपत्रिका लिहायला मंदारची संमती लागत नाही, हे मी तिला आठवणीनं सांगितलं होतं. तिनं मान हलवली. "तिला पानापानातून बाहेर काढायचं आणि पुस्तक तिलाच अर्पण करायचं? बरं दिसत नाही ते, ताई." फाटलेलं पान तिनं पोस्टानं मंदारला पाठवून दिलं.

मी निवृत्त झाले त्या सुमाराला पुस्तक दुकानात आलं. एकदा एस-बान, म्हणजे इथली लोकल, यायला वेळ होता म्हणून स्टेशनजवळच्या पुस्तकांच्या दुकानात शिरले, तर मुलांच्या कोपऱ्यात ते उभं होतं. तिथे एक बाप मांडीवर मुलीला घेऊन तेच वाचत होता. केतकीला हवं होतं, अगदी तसंच. मुलगी मन लावून ऐकत होती. मला आनंद व्हायला हवा होता.

ते उठून गेल्यावर मी पुस्तक घेतलं. पाऊस छान तिरपा पडला होता. झाकणाच्या जागी 'मुंगसाला कुठेच जमीन सापडेना' असं सरळ वाक्य होतं. मी बिळाचं पान उघडलं. बीळ काळंभोर, नीट गोल, कुठे रेघ बाहेर गेलेली नाही. मी त्यावर बोट टेकवलं. पानाच्या मागून दुसऱ्या हाताचं बोट लावून बघितलं. मध्ये कागद होता.